सुनेच्या हातानं जाणारी लाइट

आमच्या मंडळाच्या अंकाचे संपादक घरी आले आणि म्हणाले, "मेश्रामजी, इतकी वर्षं प्लांटच्या नोकरीत काढली, भट्टीच्या आठवणी लिहा न. लाल लोखंड, ठिणग्या, रात्रपाळी, असं काही." मी म्हटलं, बाप्पा, भट्टी मी लांबूनच पाहिली. माझी सगळी नोकरी टाउनशिपच्या इलेक्ट्रिक मेंटेनन्समध्ये गेली, म्हणजे लोकांच्या स्वयंपाकघराच्या दारात उभं राहण्यात गेली. त्यांचा चेहराच पडला. मग म्हणाले, "बरं, तेच लिहा. पण जरा प्रमाण भाषेत." लिहितो जमेल तसं. राग आला की प्रमाण सुटेल, आणि राग येणार आहे हे आधीच सांगून ठेवतो.

ज्यांनी ते दिवस पाहिले नाहीत त्यांच्यासाठी थोडं सांगावं लागेल. छत्तीसगड वेगळं झालं नव्हतं, आपण मध्यप्रदेशात होतो तेव्हा गॅसला नंबर लावून लोक म्हातारे व्हायचे, आणि प्लांटच्या माणसाला वीज जवळजवळ फुकट. त्यामुळे क्वार्टर कोणताही असो, आत हिटर असायचाच. हिटर म्हणजे भाजलेल्या मातीची ताटली, तिच्यात नागमोडी खाच, खाचेत उघडी स्प्रिंग आणि खाली लोखंडी तिपाई. बटन दाबलं की स्प्रिंग लाल व्हायची. त्यावर वरण-भातापासून महालक्ष्मीच्या पुरणापर्यंत सगळं शिजायचं. बाहेरगावचा पाहुणा ती लाल स्प्रिंग पाहून दोन पावलं मागं सरायचा. आमच्या लोकांना मात्र काही वाटत नव्हतं, आणि सगळी भानगड तिथंच होती.

सेक्टर दोनमध्ये एक फोरमन राहायचे. प्लांटमध्ये इतके कडक की हेल्मेटचा पट्टा ढिला दिसला तरी माणसाला परत पाठवायचे. त्यांच्या घरी गेलो तर हिटरच्या वायरला पिनच नाही. दोन उघडी टोकं सॉकेटात खुपसलेली, आणि निसटू नये म्हणून आगपेटीच्या काड्या ठोकलेल्या. मी विचारलं, साहेब हे काय? तर म्हणतात, "अरे मेश्राम, ये तो घर का मामला है." वीज क्वार्टरात शिरली की घरच्या माणसासारखी वागते, असा त्यांचा समज असावा.

फ्यूजचीही तीच कथा. फ्यूज म्हणजे मुद्दाम ठेवलेली बारीक तार. भार जास्त झाला की ती वितळते आणि घर वाचतं. आपले लोक काय करायचे? तार वितळली की जाड तार टाकायचे, ती वितळली की खिळा. खिळा काही वितळत नाही, मग भिंतीतली वायर जळते आणि आमच्या ऑफिसात येऊन हेच लोक टेबल आपटतात. एका साहेबांच्या बाईंनी चकचकीत इलेक्ट्रिक तंदूर आणला, त्यात बट्ट्या भाजल्या आणि करपलेलं निघेना म्हणून तो अख्खा टबात भिजत घातला. सकाळी पुसून पुन्हा लावला. मला विचारतात, "भैया, कंपनी खराब है क्या?" मी म्हटलं, कंपनी चांगली आहे, पण तंदूर पोहायला केलेला नाही. त्यांनी माझ्या साहेबांकडे माझी तक्रार केली.

नव्वदच्या आगेमागे आमच्या भागातल्या क्वार्टरांत एकेक नवीन डबी बसवली गेली. लोक तिला ट्रिपर म्हणायचे. तिचं काम अगदी सोपं आहे. वीज एका तारेनं घरात येते आणि दुसरीनं परत जाते. जेवढी आली तेवढी परत गेली पाहिजे. मधे कुठं गळाली, ओल्या वस्तूतून, भांड्यातून, माणसाच्या अंगातून, की डबी खट्‌कन पडते आणि घरभर अंधार होतो. माणूस जाण्याआधी लाइट जाते, एवढंच तिचं काम. पण लोकांनी तिला काय शिव्या दिल्या, विचारू नका. "पहिले कधी लाइट जात नव्हती, तुमी डबी लावली अन् जाऊन राहिली." पहिले काय गळत होतं आणि कोणाच्या अंगातून गळत होतं, हे विचारायची कोणाला फुरसत नव्हती.

आता ज्याच्यासाठी हे सगळं लिहायला बसलो ते सांगतो.

टाइम ऑफिसात एक बाबू होते, वसंतराव म्हणू त्यांना. वर्ध्याकडचे. घरी बायको कमलाबाई, रोलिंग मिलमधला मुलगा प्रमोद, आणि त्या उन्हाळ्यात आर्वीहून लग्न होऊन आलेली सून अर्चना. एक दिवस वसंतराव आमच्या तक्रारीच्या खिडकीवर आले.

"मेश्राम, घरची लाइट जाऊन राहिली."

"कधी जाते?"

"सून हिटर लावते तवा."

मला वाटलं, गंमत करून राहिले. पण ते हसत नव्हते. म्हणाले, "सकाळी तिनं बटन दाबलं का गेली. दुपारी आमची मंडळी लावते तं काई होत नाई. तोच हिटर, तेच बटन. पायगुन हाये, दुसरं काय? रविवारी तिच्या भावाले बोलावलं. घेऊन जाय म्हनतो बहिनीले, पुढचं पुढं पाहू."

'पुढचं पुढं पाहू' याचा अर्थ आपल्याकडे सगळ्यांना समजतो. पोरगी एकदा माहेरी बसली की बसली. लग्नाची हळद अजून उतरली नव्हती, आणि एका डबीच्या खटक्यावर तिचा संसार मोडायला निघाला होता. मी म्हटलं, मी येतो आजच.

आमच्या ऑफिसची रीत अशी की सकाळी हजेरी, चहा, साहेबांची वाट, मग कामाचं वाटप. माणूस तक्रारवाल्याच्या दारात पोचेपर्यंत ऊन चढलेलं असायचं. तसाच पोचलो. मेन स्विच पाहिला आणि डोकंच सणकलं. स्विचच्या हँडलला लिंबू-मिरची टांगलेली, तीही लोखंडी तारेत ओवून. दुर्गहून कोणाकडून तरी मंतरून आणली होती. लाइट जाऊ नये म्हणून मेन स्विचला लोखंडी तार बांधणारा माणूस मी आयुष्यात पहिल्यांदा पाहिला. ती काढून फेकली तर कमलाबाईंचा चेहरा असा झाला की जणू मी देव्हाराच हलवला.

हिटर पाहायला आत निघालो तर त्या दारात आडव्या उभ्या राहिल्या.

"मेश्राम म्हंजे... कोनते जी तुमी?"

विदर्भातल्या माणसाला मेश्राम म्हटल्यावर जात विचारावी लागत नाही. त्यांनाही ठाऊक होतं. मी म्हटलं, "इलेक्ट्रिकवाले."

"मंग इथंच बसा. आत देव हायेत. अर्चना, हिटर आनून दे बाहेर."

टाउनशिपमध्ये क्वार्टर सगळ्यांना सारखे मिळाले, उंबरे मात्र जो तो आपापल्या गावाहून घेऊन आला होता. मला हे नवं नव्हतं. बसलो व्हरांड्यात. अर्चनानं हिटर आणला आणि मान खाली घालून ठेवला. विशी-बाविशीची पोरगी, डोळे रडून सुजलेले. मी हिटर उन्हात ठेवून उलटसुलट पाहिला, ताटली पांढुरकी दिसली, पण मातीचीच ती, म्हणून लक्ष दिलं नाही. मेगर म्हणून हातानं फिरवायचं यंत्र असतं, वीज कुठं गळते का ते त्यावर समजतं. मेगर लावला, काही गळत नव्हतं. स्वयंपाकघराची लाइन बोर्डावरून तपासली, तीही साफ. व्हरांड्यातल्या सॉकेटात हिटर लावून दाखवला, स्प्रिंग लाल झाली, डबी जागेवर. मी स्वतःच चक्रावलो. फॉल्ट नाही म्हणायचं तर मग दोष कोणाचा ठरतो? त्या पोरीचा.

"पाहा," वसंतराव म्हणाले, "तुमच्याही हातानं जात नाई."

सामान गोळा करून निघालो. कोपऱ्यावर आलो तेव्हा लक्षात आलं, पकड तिथंच राहिली. परत वळलो आणि जवळ पडते म्हणून मागच्या गल्लीनं गेलो. मागच्या आंगणात नळ सोडलेला, आणि कमलाबाई नळाखाली हिटर धरून चोळून चोळून धूत होत्या. अर्चना बाजूला फडकं घेऊन उभी.

"काकू, हे काय करून राहिल्या?"

"धुवून राहिली. बाहेरचा हात लागला न त्याले."

इतक्या सहज बोलल्या, जशी मेथीची जुडी धुवावी. खोटं कशाला सांगू, आधी मला माझ्यासाठी राग आला. तळपायाची आग मस्तकात गेली. पण त्या ताटलीतून पाणी निथळताना पाहिलं आणि दुसरी गोष्ट डोक्यात उजळली. मी अर्चनाला विचारलं, "ताई, हे रोज होते का?"

तिनं सासूकडे पाहिलं आणि हळूच म्हणाली, "रोज सकाळी सारवतात. छुईनं."

छुई म्हणजे इकडची पांढरी माती. छत्तीसगडी बाया चुली-भिंती सारवतात तिनं. कमलाबाईंना त्यात लपवण्यासारखं काही वाटलं नाही, उलट अभिमान होता. "चूल पारोशी पेटवाची नसते. माह्या आईनं कधी पेटवली नाई, मीनं नाई. अन् हिटर म्हंजे चूल नाई तं काय? सकाळी आंघोळ केली का मी सारवतो, कुंकू लावतो, मंग देवापाशी बसतो. सून चहा टाकते."

"अन् डबी नव्हती तवा? तवा तुमीच लावत होत्या न सकाळी?"

"हो. भांड्याले हात लावला का मुंग्या येत. जागृत हाये चूल, म्हनून मी पाया पडत होती."

ऐका! वीज अंगातून जात होती आणि बाई तिच्या पाया पडत होत्या. मी वसंतरावांना तिथंच आंगणात बोलावलं आणि सगळं फोडून सांगितलं. सकाळी माती ओली, ओल्या मातीतून वीज गळते, डबी पडते. त्या वेळी बटनावर हात सुनेचा असतो. दुपारपर्यंत माती वाळते, तेव्हा हात सासूचा असतो. मी येतो तो दुपारी, आणि तोही बाहेर उन्हात बसतो, म्हणून मला काही सापडत नाही. आत जाऊ दिलं असतं तर छुईचं भांडं आणि पोतेरं मलाही दिसलं असतं. यात पायगुण कुठं आला?

वसंतरावांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "मेश्राम, तुमाले आमच्या देवाधर्मातलं काय समजते?" मी पकड उचलली आणि निघालो. चीड आली होती. मनात म्हटलं, मरा तिकडं.

मग काही दिवसांनी सायकल स्टँडवर वसंतराव भेटले, चेहरा फुललेला. "बंद झालं जी लाइट जानं! नवीन लिंबू आनलं. तिच्या भावालेही परत पाठवलं. म्हटलं, राहू दे, पाहू आता." आनंद व्हायला पाहिजे होता, पण मला ते पटेना. सारवण सुटलं नसणार. मग लाइट जाणं कसं थांबलं?

त्याच दुपारी गेलो. कमलाबाई शेजारी हळदीकुंकवाला, प्रमोद पाळीवरून येऊन घोरत पडलेला. डबीवर तपासायचं एक बारीक बटन असतं, ते दाबलं की डबी पडलीच पाहिजे. दाबलं. ढिम्म. झाकण काढलं तर तारा डबीला वगळून बाहेरच्या बाहेर जोडलेल्या. डबी नुसती शोभेला. वैशाली नगरातून कोणी खाजगी मिस्त्री आणून 'डायरेक्ट' करून घेतलं होतं आणि श्रेय लिंबाला दिलं होतं.

अर्चना उंबऱ्याच्या आत उभी होती. मी विचारलं, "ताई, भांड्याले मुंग्या येतात का?"

"येतात."

"घरच्यांना सांगितलं?"

"नाई." मग तिनं मान वर केली. "लाइट गेली तं माहेरी जा लागते, भाऊ. नाई गेली तं मुंग्या येतात. मीनं मुंग्या घेतल्या."

हे वाक्य मी अजून विसरलो नाही. पाय उघडे, फरशी ओली, आणि ही पोरगी रोज सकाळी जाणूनबुजून त्या भांड्याला हात लावत होती, कारण घरातल्या माणसांपेक्षा तिला तो करंट बरा वाटत होता. थू असल्या घरावर! आणि नवरा बाजूच्या खोलीत घोरत होता.

पण आता अडचण माझी होती. डबी जोडली की उद्या लाइट जाणार आणि ही आर्वीच्या गाडीत बसणार. नाही जोडली तर एखाद्या सकाळी नुसत्या मुंग्यांवर भागणार नाही. मी म्हटलं, "ताई, हे असं सोडून मी जाऊ शकत नाही. जोडतोच. उद्या सकाळी ड्यूटीच्या आधी मी इथं येऊन उभा राहतो. बटन कोनी दाबाचं ते तुमी पाहा."

तिनं डबीकडे पाहिलं. मग म्हणाली, "जोडा."

दुसऱ्या दिवशी उजाडतानाच गेलो. वसंतराव व्हरांड्यात खिळ्याला आरसा टांगून तोंडाला साबण फासत होते, आत रेडिओवर भजन चालू. मला पाहून त्यांनी तोंड वाकडं केलं, पण साबणामुळं बोलता येईना. प्रमोद जांभया देत मधल्या दारात. मी दारातूनच आत पाहिलं. हिटर ओट्यावर, ताजा सारवलेला, पांढराशुभ्र, कडेला कुंकवाची दोन बोटं. कमलाबाई देवाकडे निघाल्या होत्या.

"लाव वं हिटर. चहा टाक."

अर्चना जागची हलली नाही. "आज तुमी लावा, आई."

"कावून? तुह्या हाताले काय झालं?"

"माह्या हातानं लाइट जाते न. तुमच्या हातानं जात नाई. तुमीच लावा."

आवाज चढवलेला नव्हता. कमलाबाईंनी मुलाकडे पाहिलं. प्रमोद म्हणाला, "लाव न आई, काय होते." लग्न झाल्यापासून त्या पठ्ठ्यानं बायकोच्या बाजूनं काढलेला हा पहिला शब्द, आणि तोही चहासाठी.

कमलाबाई पदर खोचून पुढं झाल्या. सुनेला दाखवून देतो, अशा थाटात बटन दाबलं.

खट्‌.

रेडिओ बंद. पंखा बंद. आणि बाहेरून वसंतराव, आरशातून नजर न काढता, तोंडात साबण जाईल याचीही पर्वा न करता ओरडले, "गेली! लावला न त्या पोरीनं पुन्हा! सांगून सांगून थकलो, तिले हात लावू देऊ नका म्हनून!"

वसंतराव अर्ध्या दाढीनिशी आत आले. बटनावर बायकोचा हात होता. त्यांनी तो हात पाहिला, सुनेकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं.

"मीनं लावला," कमलाबाई म्हणाल्या. इतक्या हळू की जणू आपल्याशीच बोलल्या.

मग अर्चना दारापर्यंत आली. "भाऊ, आत या," ती म्हणाली. मी सवयीनं चपलेतून पाय काढायला लागलो. "राहू द्या पायात. रबरी हायेत न. ओलं हाये आत."

कमलाबाई बाजूला सरल्या. मी रबरी चपलांसकट उंबरा ओलांडून आत गेलो. हिटर उचलला, मागच्या आंगणात उन्हाच्या जागी नेऊन ठेवला. सासूबाईंना म्हटलं, काकू, देवाला माझी मनाई नाही. हिटरच्या बाजूला एक कोरी वीट ठेवा आणि ती रोज सारवा, कुंकू लावा, पाया पडा. हिटरला पाणी लावाल तर जीव जाईल, आणि तो विचारून जाणार नाही, सुनेचा की सासूचा. त्यांनी खरंच वीट ठेवली. पुढं गॅस आला तेव्हाही ती वीट शेगडीच्या बाजूला होती, असं मी ऐकलं. आर्वीचा भाऊ नंतर आला तो दिवाळीचं बोलावणं घेऊन.

मला हळहळ एकाच गोष्टीची आहे. किती घरांच्या व्हरांड्यात मी बाहेर बसून हिटर तपासले, फॉल्ट नाही म्हणून सांगून आलो, आणि आत काय चाललं होतं ते मला कोणी पाहू दिलं नाही. त्या घरांतल्या डब्या किती दिवस जाग्या राहिल्या, देव जाणे, त्यांचेच.

त्या सकाळी चहा अर्चनानं रॉकेलच्या स्टोव्हवर केला. मी तो स्वयंपाकघरात उभा राहून प्यालो, देवांच्या समोर. देव काही बोलले नाहीत. निघताना मागं वळून पाहिलं तर कमलाबाई मोरीत बसून माझा कप राख लावून घासत होत्या, आतून, बाहेरून, दांडीसुद्धा. घासा म्हटलं, खुशाल घासा. कप धुतल्यानं लाइट जात नाही.